हळद्या हलला नाही

फट्ट! टाळी वाजली आणि हळद्या उडाला.

ठिणगीच्या बोटाखाली शटर वाजलं खरं, पण कॅमेऱ्याच्या पडद्यावर उरला नुसता पिवळा फराटा.

"आजोबा, मुद्दाम करता ना तुम्ही?" ती ओरडली.

पलीकडच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने हात गुडघ्यांवर ठेवले. "हो."

वर तोंड करून हो! ठिणगीच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी तिला ठिणगी म्हणत ते उगाच नव्हे, आणि या म्हाताऱ्याचं नाव तिने टाळीमास्तर ठेवलं होतं तेही उगाच नव्हे. रोज सकाळी बागेच्या पंपघराजवळ, अंजिराच्या झाडासमोर येऊन बसायचा. हळद्या जरा टेकला की फट्ट!

शुक्रवारी शाळेचं छायाचित्र प्रदर्शन होतं. गेल्या वर्षी तिचा फोटो बघून दादा सगळ्यांसमोर म्हणाला होता, "हा पक्षी आहे? मला वाटलं, भिंतीवर हळद सांडली." झालं! वर्षभर अख्खी शाळा तिला 'डाग' म्हणत होती. यंदा ती पीस न् पीस दाखवणार होती, दादाच्या नाकावर टिच्चून.

म्हणून तर तिने मावशीच्या हातापाया पडून लांब लेन्स मिळवली होती, आणि सोबत टेलिकन्व्हर्टर. लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारी बुटकी नळी. ती पक्षी दुप्पट जवळ आणते, पण उजेड खाते. उजेड कमी म्हणून शटर हळू, शटर हळू म्हणून पक्षी जरा हलला तरी फोटो पुसट. "गुरुवारी संध्याकाळी सगळं परत," मावशीने बजावलं होतं. "आणि पानांच्या सावलीत याचा हट्ट धरू नकोस, तोंडावर पडशील."

पण हळद्या पानांच्या सावलीतच बसायचा.

"तुझं ते नळकांडं घे आणि घरी जा," टाळीमास्तर म्हणाला.

"बाग काय तुमच्या मालकीची आहे?"

"तू कुणासाठी पाळत ठेवतेस, कळतं मला."

"स्वतःसाठी! तुमच्या का पोटात दुखतंय?"

"तोंड आवर."

"तुम्ही आधी हात आवरा!"

अख्ख्या बागेत तिच्याशी धड बोलायचे ते फक्त माळीकाका. महिनाभर ती वहीत टिपत होती, कुठला हळद्या किती वाजता कुठल्या फांदीवर बसतो ते. माळीकाका खुरपं बाजूला ठेवून ऐकायचे. "पाण्याच्या टाकीकडची फांदी? सातला? वा! हुशार पोर आहेस." घरी कुणी इतकं ऐकलं असतं तर!

बुधवारी तिने ठरवलं, बस झालं. बागेच्या अधीक्षक बाईंसमोर वही उघडूनच ती उभी राहिली.

"महिन्यापूर्वी पाच हळद्या होते, बाई. आता दोनच उरलेत. त्या टाळ्यांना कंटाळून गेले सगळे."

बाईंनी कपाळाला हात लावला. "तो म्हातारा ना? दर आठवड्याला माझ्याकडे येऊन माळ्याच्या नावाने खडे फोडतो. डोकं उठवलंय नुसतं." त्यांनी माळीकाकांना बोलावून विचारलं.

"पाखरं तर रोज उडवतो, बाई," माळीकाका मान खाली घालून म्हणाले. "लेकरू खोटं कशाला बोलेल?"

म्हाताऱ्याचा पास रद्द झाला. ठिणगी उड्या मारतच बाहेर आली.

"आता बोल, तुला नेमका कसा फोटो हवा?" माळीकाकांनी विचारलं.

"मोकळ्या काडीवर बसलेला. पानं मध्ये नकोत. आणि काका, अजिबात हलायला नको!"

"एवढंच ना? बसवू की."

गुरुवारी सकाळी टाळीमास्तर फाटकाबाहेर गज धरून उभा होता.

"मला काढलंत. आता कोण उडवणार त्यांना?"

"कुणीच नाही!" ठिणगी खदखदून हसली. "तीच तर मजा आहे!"

माळीकाकांनी शब्द पाळला होता. झाडापासून हातभर पुढे एक उघडी काडी बांधलेली, तिच्या टोकाला अर्धं अंजीर. ठिणगीने तिपाई घट्ट रोवली, हाताने रिंग फिरवून फोकस काडीवर आणला आणि श्वास रोखून बसली.

हळद्या आला. काडीवर टेकला, पंख दोन-चारदा जोरात फडफडवले आणि मग गप्प झाला.

तिने डोळ्यावर फोकस घेतला. बोटाचा धक्का नको म्हणून टायमर लावला. खट्. पक्षी तिथेच. अजून एक. खट्. दहा फोटो झाले, वीस झाले, तरी पठ्ठ्या जागचा हलेना! शाळेच्या ओळखपत्रासाठी ती स्वतःही इतकी शहाण्यासारखी बसली नव्हती.

तिने फोटो मोठा करून पाहिला. लालसर डोळा, त्यात इवलंसं आभाळ. गुलाबी चोच. छातीवरचं पीस न् पीस वेगळं. "दादा, आता बोल ना! बोल!" ती तिथल्या तिथे नाचली.

मग पायांची नखं कशी आलीत ते बघायला तिने फोटो खाली सरकवला.

बोटांनी काडी धरलेली नव्हती. बोटं काडीला चिकटली होती. ओढून ओढून एक पाय जरासा सुटला होता, आणि त्याच्याखाली चिकाचे तीन धागे ताणले गेले होते. एकूण एक धागा स्वच्छ दिसत होता.

शिडी खांद्यावर टाकून माळीकाका तिच्या शेजारून झाडाकडे निघाले. दुसऱ्या हातात कापडाने झाकलेला पिंजरा होता.

"निघाला ना मनासारखा?" ते प्रेमाने म्हणाले. "आता तेवढा शेवटचा कुठे बसतो, ते बघून सांग."