आरशातली थरथर

मल्टिपल स्क्लेरॉसिसमुळे आमच्या यांचा उजवा हात इतका थरथरायचा, की चहा कपात कमी आणि बशीत जास्त. यांची दाढी मीच करायचे. "अगं, नाक तेवढं शिल्लक ठेव," हे म्हणायचे.

मग त्या थरथरीसाठी मेंदूचं ऑपरेशन झालं आणि हात थांबला. "बोलण्यात, आठवण्यात थोडा फरक पडू शकतो," असं डॉक्टर आधीच म्हणाले होते. घरी आल्यावर यांचं पहिलंच वाक्य, "अहो, जरा पाणी देता का?"

"आपल्या घरात अहो म्हणायचं काम माझं आहे," मी म्हटलं. हे कसनुसं हसले, परक्याच्या घरी हसतात तसं. तेव्हापासून मी 'तुम्ही'च आहे.

आज सकाळी यांनी स्वतः दाढी करायला घेतली. मी टॉवेल घेऊन मागे उभी राहिले. हात इतका स्थिर, की माझे डोळे भरून आले.

मग आरशाकडे लक्ष गेलं. इकडे रेझर गालावरून सरळ उतरत होता. आरशातल्या हातातला रेझर मात्र थरथरत बेसिनच्या कडेवर टकटक आपटत होता, आणि तो आवाज मला ऐकू येत होता.

आरशातले हे आरशातल्या माझ्याकडे बघतच नव्हते. ते थेट माझ्याकडे बघत होते. त्यांचे ओठ हलले, 'अगं' म्हणताना हलतात तसे.

मी नकळत पुढे झाले. यांनी रेझर खाली ठेवला आणि अदबीनं बाजूला सरकून मला जागा करून दिली.

"जा ना तुम्ही," हे म्हणाले. "तुमचे मिस्टर केव्हाचे हाका मारताहेत."