नकाशा

मधल्या सुट्टीत सातवीच्या वर्गात हशा पिकला, म्हणून मोठ्या बाई दारातच थांबल्या. फळ्यापुढे एक मुलगी वाकून फरशी पुसायची नक्कल करत होती. तोंडाला आणि हातांना तिने खडूचे पांढरे ठिपके फासले होते. मागून टाळ्यांचा ताल चालला होता, "नकाशा आली, नकाशा आली!"

खरी नकाशा बादली घेऊन बाईंच्या मागेच उभी होती. तिच्या चेहऱ्यावर, हातांवर कोडाचे डाग होते. आधीची सफाईवाली सोडून गेली, म्हणून ठेकेदाराने तिला नुकतंच या शाळेत पाठवलं होतं. नाव पडायला आठवडाही लागला नव्हता.

"माझ्या खोलीत ये," बाई त्या मुलीला म्हणाल्या. "मावशी, तुम्हीही या."

खोलीत पंखा कुरकुरत होता. मुलगी टेबलापुढे मान खाली घालून उभी राहिली. तिच्या कानामागे अजून खडू राहिला होता. नकाशाचा हात पदराकडे गेला आणि तिथेच थांबला.

"परवा परिपाठाला काय सांगितलं होतं मी?"

"कुणाच्या रूपाला, कामाला हसायचं नाही."

"मग? हे नाव ठेवलं कुणी?"

"मी."

दुसऱ्या कुणाचं तरी नाव निघेल असं नकाशाला वाटलं होतं. तिने वाईट वाटण्याची वाट पाहिली. ते आलं नाही. दाढ काढताना भूल दिली की गाल आपला राहत नाही, तसं काहीसं झालं होतं.

"मावशी, तुम्ही बोला. हिला ऐकू दे."

"मी काय बोलू बाई? पोरांच्या तोंडाला कोण हात लावणार?"

"असं म्हणूनच सोकावतात." बाई मुलीकडे वळल्या. "उद्या आईला घेऊन यायचं. तिच्यासमोर माफी मागायची. प्रवेशाला तुझे मामा आले होते. आईला मी एकदाही पाहिलेलं नाही."

मुलीने बाहीचं टोक मुठीत धरलं.

"आई नाहीये, बाई."

"गावाला गेलीय?"

"वारली. मी लहान असताना."

बाई खुर्चीतून उठल्या. त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "मला ठाऊक नव्हतं गं," त्या म्हणाल्या. मग काय करावं ते न सुचून त्यांनी नकाशाकडे पाहिलं.

"जाऊ द्या बाई," नकाशा म्हणाली. "आईविना वाढलेली पोर. तिला आणखी काय शिक्षा करायची?"

"मन मोठं आहे तुमचं."

"माफ करा, मावशी," मुलगी फरशीकडे बघत म्हणाली.

"बरं."

मग नकाशाने सातवीचा वर्ग पुसून काढला. जिने पुसले. बादली पालथी घातली, फडकी पिळून वाळत टाकली. घरी जाताना वाटेत शेजारीण काहीतरी म्हणाली, त्यावर ती हसलीही. काय म्हणाली, ते मात्र तिला पुढच्या वळणावर आठवेना.

हातपाय धुऊन तिने स्टोव्ह पेटवला. स्वयंपाक उरकत आला तेव्हा दार ढकलल्याचा आवाज झाला. दप्तर कोपऱ्यात पडलं. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"आई," मुलगी म्हणाली, "भूक लागलीय. वाढ ना."