गुंडीची पहिली लस

"कोणी नेलं होतं हिला बाहेर?" डॉक्टरीणबाई कडाडल्या.

शिंपीकाका शिलाई मशीनला टेकून उभे. काकू चिंध्यांच्या गादीपाशी बसलेल्या. गादीवर गुंडी, दीड महिन्याचं पिल्लू. रक्ताची हगवण लागून पार गळून गेलेली. आठवड्यापूर्वी लस टोचताना हिनेच डॉक्टरीणबाईंचा अंगठा चावला होता. आज तिला मानही उचलवत नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं आणि तोंडाचा पट्टा सोडला. "मी घसा फोडून सांगितलं होतं. एका लशीवर भागत नाही, पुढचे डोस होईपर्यंत हिला उंबरा ओलांडू द्यायचा नाही. पण ऐकतंय कोण? पालथ्या घड्यावर पाणी."

त्यांचं डोकं खरंच फिरलं होतं. मागच्या गल्लीतलं पिल्लू याच रोगाने परवा त्यांच्या हातात गेलं होतं. लोकांना कुत्रं हवं असतं, काळजी नको असते.

"बाई, हिने अजून अंगणसुद्धा पाहिलं नाही," काका म्हणाले.

"मग रोग काय आभाळातून पडला? अहो काका, चपलांना चिकटूनही येतो तो. आजारी कुत्र्याच्या घाणीत पाय पडला, की आलाच घरात. तुम्हीच आणला असणार."

"आमच्या चपला जिन्याखाली राहतात. गिऱ्हाइकाचं कापड मळतं ना. जावई आला तरी अनवाणीच वर येतो."

"कोणीतरी आलं असेलच बूट घालून. आठवा जरा."

काकू गुंडीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"तुम्ही आला होता," त्या म्हणाल्या. "लस द्यायला. मागच्या गल्लीतल्या पिल्लाला सलाईन लावून थेट इकडेच आलात. बूट काढायला वाकलात, तेव्हा हेच म्हणाले, राहू द्या बाई, तुम्हाला कसली मनाई."

डॉक्टरीणबाईंचा राग होता तिथेच होता, पण आता तो काढायला समोर कोणी उरलं नव्हतं.

त्यांनी खाली पाहिलं. बूट आजही पायातच होते, गुंडीच्या गादीला टेकलेले.