मोटर काढलेलं यंत्र

राजूरच्या घरी सासूबाईंचं तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांचं पाय दाबायचं यंत्र उघडून नातीला शिकवायला बसले. मोटर काढून तिच्या हातात दिली.

"सावकाश बघ. ही फिरली की गिअर फिरतात, मंग हे दोन रोलर."

"आजी, ते तर फिरूनच राह्यले," आकांक्षा म्हणाली.

रोलरवरच्या कापडात दोन तळव्यांचे खड्डे पडले होते.

रोलर थांबले. खड्डे राहिले. आकांक्षाचे हात आपोआप चेपायला पुढे झाले. मी ते घट्ट धरले.

"सासूबाई, चाळीस वर्षं तुमचे पाय मी चेपले. ही न्हाई चेपणार."

बसलेलं माणूस उठून उभं राहावं, तसे दोन्ही खड्डे खोल गेले.

मी हात सोडले नाहीत.