झडती

> आरोपीला बेड्या घाल
घातल्या.
> गाडीत बसव
बसवला. आरोपीने मोज्यातून चाकू काढला. तुमचा जोडीदार ठार. खेळ संपला.

"हात्तिच्या! झडती घ्यायची राहिलीच की!" ती कपाळावर हात मारून हसली. पोलिसांचा हा जुना कॉम्प्युटर गेम मीच तिला लावून दिला होता. तिचे बाबा आणि मी एकाच गस्तीच्या गाडीवर होतो.

"बाबांचंही असंच झालं ना, काका? आई अजून म्हणते, एवढी साधी गोष्ट विसरले आणि जिवाला मुकले. धांदरटपणा रक्तातच आहे आमच्या. आता तुम्ही खेळा."

मी टाइप केलं.

> झडती घे
मोज्यात चाकू सापडला. जोडीदार सुखरूप.

"बघा! तेव्हाही झडती तुम्ही घेतली असती, तर बाबा वाचले असते."

"पुढचं तू खेळ," म्हणत मी कीबोर्ड तिच्याकडे सरकवला.

मी तिथेच होतो. गाडी तिचे बाबा चालवत होते. झडती घेणं माझं काम होतं. ती त्यांनी घेतली नाही, असं अहवालात मीच लिहिलं.