समोरचं दुकान

"आधी समोरच्या मालकाचं सांगा," तो म्हणाला. "जागा मग बघू."

मावशींनी अर्ध्यात अडकलेलं शटर खांद्याने वर ढकललं. "मालक कुठे पळून जातोय? आधी आत तर या."

रस्त्यापलीकडे बाजारपेठेतलं सगळ्यात जुनं चपला-बुटांचं दुकान होतं. अजून उघडलं नव्हतं, पण नुसती पाटी बघूनच त्याचं धाबं दणाणलं होतं. मागच्या गावात त्याने बुटांचंच दुकान टाकलं होतं. शेजारच्या दुकानदाराने भाव पाडून पाडून त्याला वर्षाच्या आत गाशा गुंडाळायला लावला. बायकोने आता पुन्हा एकदा हो म्हटलं होतं. तिसऱ्यांदा म्हणणार नव्हती.

ही जागाही चपलांच्याच एका जुन्या दुकानाची. दुकानदार वारला, मुलं परगावी. त्यांनी फोनवर सांगितलं होतं, किल्ली मावशींकडे आहे, त्याच दाखवतील.

आणि मावशी दाखवत होत्या तेही कसं, अगदी घरचं असल्यासारखं.

"दुपारी ऊन इथवर येतं. खालच्या फळीवर काळं चामडं ठेवू नका, विटतं. आरसा इथे, जमिनीलगत, तिरपा. गिऱ्हाइकाला पाय दिसले पाहिजेत, तोंड त्याने घरी बघितलेलं असतं."

बायको खुदकन हसली. त्याला मात्र हसू येईना.

"इथे पूर्वी काय होतं हो?" बायकोने विचारलं.

"धूळ! घोडागाड्या थांबायच्या, दुसरं काय. समोर झाडाखाली एक खोगीरवाला बसायचा. त्याने जोडे शिवायला घेतले, जम बसला, दुकान झालं. तसा त्याच्याच हाताखालचा गडी उठला आणि बरोबर समोर, इथे, स्वतःचं दुकान थाटून बसला."

"मग जुंपली असेल!"

"जन्मभर! एकमेकांचं तोंड बघत नव्हते. पण झालं काय, आजूबाजूच्या गावांतली माणसं इकडे यायला लागली. एकच दुकान असलं की पुढ्यात येईल ते घ्यावं लागतं. दोन असली की माणूस घासाघीस करतो, नाक मुरडतो, इकडून तिकडे जातो. जोडे घेतले की कापड, कापड झालं की फोटो. ही अख्खी पेठ त्या दोघांच्या हट्टावर उभी राहिली, बघा."

त्याने बाहेर पाहिलं. कापडवाला गठ्ठे सोडत होता, घड्याळवाला काच पुसत होता, फोटो स्टुडिओसमोर एक कुटुंब केस सारखे करत उभं होतं. कधी न पाहिलेल्या त्या दोन हट्टी माणसांचं त्याला मनापासून कौतुक वाटलं.

"आणि आता?"

"आता हे बंद. एका दुकानासाठी कशाला यायचं म्हणून लोक बस पकडून शहरात जातात. कापडवालाही कंटाळलाय." मावशींचा आवाज पहिल्यांदाच उतरला.

"समोरचा खूश असेल पण. एकटा राजा." त्याने घसा खाकरला. "चहावाल्याला विचारलं मी. म्हणाला, तोफ आहे. भल्याभल्यांना पाणी पाजलंय."

मावशी गालातल्या गालात हसल्या. "तोंड फटकळ आहे, खरंय. भावही पाडणार, दयामाया नाही. तुम्हीही पाडा की! पण पाठीमागून वार नाही व्हायचा, हे माझ्याकडून घ्या."

का कोण जाणे, त्याला ते पटलं. बायको तर पावलांनी रुंदी मोजत सुटली होती.

"घेऊ या," ती म्हणाली.

त्याने मान डोलावली. मावशींनी किल्ली त्याच्या तळहातावर ठेवून वरून मूठ मिटली. "चला, निघते. लोक खोळंबलेत."

रस्ता ओलांडून त्या सरळ समोर गेल्या. बंद दुकानाच्या पायरीवर एक गिऱ्हाईक ताटकळत बसलं होतं. मावशींनी वाकून कुलूप काढलं आणि शटर एका झटक्यात वर केलं.

"आज एवढा उशीर? बूट घ्यायचेत ना मला!" गिऱ्हाईक कुरकुरलं.

"आज घेऊ नका," मावशींनी ठणकावलं. "पंधरा दिवसांत समोर नवं दुकान उघडतंय. आधी तिथे बघा, मग माझ्याकडे या."