बरणीतले जीव

पूनमचंदांनी मुंबईहून शोभेचा शंख आणला आणि इंझोरीत पोचल्यावर तो फडताळात चालू लागला. आत जिवंत खेकडा होता. आता वऱ्हाडात समुद्र कुठून आणायचा? त्यांच्या पत्नी जतनबाईंनी बरणीत ओली वाळू भरून त्याला सांभाळलं. श्रावणात वाळूवर पांढरी बुरशी पसरली आणि खेकडा तिच्यातच मलूल होऊन बसला. पूनमचंद फडकं घेऊन धावले, तर जतनबाई आडव्या आल्या.

"पुसू नका. आपन जैन हाओत. बुरशीतबी जीव हाये."

"मंग खेकडा मेला त चालते काय?"

जतनबाईंनी फडकं काढून घेतलं.

खेकडा मेला. निदान परसात पुरून टाकावा म्हणून पूनमचंदांनी बरणीत हात घातला.



"नका काढू," जतनबाई म्हणाल्या, "आता त्याच्यावरबी बुरशी आली."